रांजणांच्या पठारावर

शियांग ख्वांग हा उत्तर लाओसमधला डोंगराळ प्रांत. त्याचे मुख्य गाव फोन्सावान सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. भोवती गवताळ टेकड्या, पाइनची झाडे, भाताची खाचरे, आणि त्यांत विखुरलेले दगडी रांजण. काही तर माणसाहून उंच. एका महाकाय राजाने विजयोत्सवाची भाताची दारू यांत मुरवली, असे लोक सांगतात. 1930च्या दशकात फ्रेंच संशोधिका मादलेन कोलानी यांना इथे जळकी हाडे सापडली आणि रांजणांचा संबंध अंत्यविधींशी जोडला गेला. पुढच्या उत्खननांनीही त्याला दुजोरा दिला. मात्र दारूची गोष्ट अजून मागे हटलेली नाही. 2019 मध्ये या स्थळांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले.

फोन्सावानजवळच्या पहिल्या स्थळावर तीनशेहून अधिक रांजण आहेत आणि त्यांच्यामध्येच बॉम्बने पाडलेले खड्डे. 1962च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ ठरला होता. म्हणून अमेरिकेने इथले युद्ध गुप्त ठेवले. 1964 ते 1973 या काळात तिच्या विमानांनी या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. पथेट लाओ या कम्युनिस्ट फौजांचे ठाणे असलेल्या शियांग ख्वांगला त्याची मोठी झळ बसली. मुआंग खून ही प्रांताची जुनी राजधानी उद्ध्वस्त झाली. तिथल्या वात फिया वात या छत उडालेल्या विहारात बुद्धमूर्ती उघड्यावर बसलेली दिसते. थाम पिऊ गुहेत आसऱ्याला आलेले शेकडो गावकरी 24 नोव्हेंबर 1968 रोजी रॉकेटच्या माऱ्यात मेले. या गुहेला भेट देताना फोटोंची घाई न केलेली बरी.

क्लस्टर बॉम्बमधल्या चेंडूएवढ्या गोळ्यांपैकी सुमारे तीस टक्के तेव्हा फुटल्याच नाहीत. शेत नांगरताना किंवा चूल पेटवताना त्या आजही जीव घेतात. म्हणून रांजणांच्या वाटेवर लाल-पांढऱ्या खुणेच्या विटा बसवल्या आहेत: पांढऱ्या बाजूची जमीन पूर्ण तपासलेली, लाल बाजूची नाही. विटांपलीकडे पाऊल टाकू नये. सापडलेला लोखंडी तुकडा तर उचलूच नये. गावकऱ्यांनी मात्र निकामी बॉम्बची कवचे धान्यकोठारांच्या खांबांना, कुंपणाला वापरली आहेत. बान नापिया गावात युद्धातले ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रवासाला सोयीचा काळ. रात्री मात्र गरम कपडे लागतात. लुआंग प्राबांगहून येणारा रस्ता वळणावळणाचा असून त्यात जवळजवळ दिवस जातो. घाई असेल, तर व्हिएंटिनहून विमान आहे.