बाजारभावाचा तक्ता आणि पीएचपी
बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर या बाजार समित्यांमधील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, की त्या सगळ्या ब्राउझरमध्ये एकदम उतरवणे मोबाइलवर दर पाहणाऱ्या शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणून ‘डेटा ग्रिड’, म्हणजे पृष्ठे, क्रमवारी व शोध यांची सोय असलेला ब्राउझरमधील तक्ता, सर्व्हरवरील पीएचपी या भाषेतील प्रोग्रामला जोडून हवा तेवढाच भाग मागवणे केव्हाही श्रेयस्कर.

‘डेटाटेबल्स’ या लोकप्रिय ग्रिडमध्ये ‘सर्व्हरसाइड’ पर्याय सुरू केल्यावर प्रत्येक मागणीसोबत आरंभाची नोंद, नोंदींची संख्या आणि ‘ड्रॉ’ हा अनुक्रमांक जातो. उत्तरात पीएचपीने निवडक नोंदी, एकूण संख्या, शोधानंतर उरलेली संख्या आणि तोच अनुक्रमांक पूर्णांक करून ‘जेसन’ या मजकुरी स्वरूपात द्यायचा असतो.

शोधशब्द पीडीओच्या, म्हणजे पीएचपीतील डेटाबेस-जोडणीच्या सोयीच्या, ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’मधून, म्हणजे आज्ञा व मूल्य वेगळे ठेवून, पाठवावा, मात्र क्रमवारीच्या स्तंभाचे नाव असे बांधता येत नसल्याने ते मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहणे अनिवार्य आहे, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते. ‘सोयाबीन’, ‘हरभरा’ ही नावे देवनागरीत असल्याने डेटाबेस व जोडणी दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ हे अक्षरसंकेतन हवे, अन्यथा अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. दर मजकूर म्हणून साठवले, तर उतरत्या क्रमात ९५० रुपये ७१०० रुपयांच्या वर जाऊन बसतात.