खेळासाठी दिलेली देणगी आणि करकायदा

तळोज्यात एका बाजूला रसायने, खते आणि धातूंचे कारखाने असलेली औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या बाजूला तळोजा पाचनंद, पेंधर, रोहिंजण यांसारखी आगरी-कोळी वस्तीची गावे आहेत. रायगड जिल्ह्यातील अशा गावांत कबड्डीचे संघ आणि क्रिकेटचे चषक हे सार्वजनिक जीवनाचेच अंग असून, त्यांचा खर्च गावची वर्गणी, ठेकेदारांच्या देणग्या आणि कारखान्यांची मदत यांवर चालतो. खेळासाठी दिलेल्या अशा पैशाला कायदा दान मानतो का, आणि मानत असेल तर देणाऱ्याच्या करात किती सूट मिळते, या प्रश्नांची उत्तरे मात्र बहुतेक मंडळांना पावतीपुस्तक छापून झाल्यावरच शोधावी लागतात.

खेळाला दान मानण्यास कायदा मुळातच नाखूश होता. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘नॉटेज’ या खटल्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यतीसाठी मृत्युपत्राने ठेवलेली रक्कम धर्मादाय नाही, असे ठरले; शर्यत ही करमणूक आहे, लोककल्याण नव्हे, असा त्यामागचा विचार होता. हौशी खेळांच्या प्रसाराला तेथील कायद्याने धर्मादाय हेतू म्हणून नावानिशी स्थान दिले, ते थेट २००६ मध्ये.

भारतात ते नावानिशी स्थान अद्याप मिळालेले नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २(१५) मधील धर्मादाय हेतूच्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, पर्यावरणरक्षण आणि पुढे जोडला गेलेला योगही आहे, पण खेळ नाही. व्याख्येच्या शेवटी ‘सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट’ असा एक मोघम वर्ग आहे आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २४ सप्टेंबर १९८४ च्या ३९५ क्रमांकाच्या परिपत्रकाने खेळांच्या प्रसाराला त्यात बसवले. क्रीडासंघटनांसाठी कलम १०(२३) ही स्वतंत्र करमाफीही होती, परंतु २००२ च्या वित्त अधिनियमाने ती रद्द केली, आणि तेव्हापासून ग्रामीण व्यायामशाळेपासून श्रीमंत क्रिकेट संघटनेपर्यंत सर्वांना याच मागच्या दाराने आत यावे लागते. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरलेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी हा गाभा कायम आहे.

राज्याचा कायदा त्या मानाने उदार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये समाजहितासाठी पुरवलेल्या मनोरंजनाच्या आणि फावल्या वेळेच्या सोयींचा धर्मादाय हेतूंत समावेश आहे. त्यामुळे तळोज्यातील मंडळाला अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंदणी करता येते. मात्र ही नोंदणी म्हणजे करसवलत, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. संस्थेचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त राहावे यासाठी आयकर खात्याकडे कलम १२-एबीखाली एक नोंदणी, आणि देणगीदाराला वजावट मिळावी यासाठी कलम ८०-जीखाली दुसरी मान्यता घ्यावी लागते. केवळ सभासदांनाच खेळू देणारा क्लब यात बसत नाही, आणि एकाच जातीच्या किंवा धर्माच्या हितासाठी काढलेल्या संस्थेला ८०-जी मिळत नाही. गावकीच्या नावाने चालणाऱ्या मंडळांनी घटना लिहितानाच याचा विचार केलेला बरा.

मागच्या दाराची खरी किंमत व्यापाराच्या अटीत आहे. लोकोपयोगी वर्गातील संस्थेला व्यापारी स्वरूपाच्या कामातून मिळणारी रक्कम एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर त्या वर्षाची करमाफी जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणे याच कसोटीवर पुन्हा तपासण्यासाठी परत पाठवली, कारण प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नाला दानधर्माचे नाव देणे कठीण होते. लहान प्रमाणात हाच पेच गावच्या प्रकाशझोतातील सामन्यांतही उभा राहतो. कंपनीने मैदानाभोवती आपले फलक आणि खेळाडूंच्या जर्सीवर आपले नाव मागून दिलेला पैसा ही देणगी नसून जाहिरातीचा मोबदला ठरतो. कंपनी तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवू शकते, पण मंडळाच्या हिशेबात तो व्यापारी जमा म्हणून मोजला जाण्याची शक्यता असते. मोबदल्याविना दिले तेच दान, हा भेद कायद्याने पाळला तरी आयोजकांना तो परवडत नाही, हेही खरे.

८०-जीची सवलत ऐकायला मोठी वाटते, प्रत्यक्षात बेताचीच आहे. मान्यताप्राप्त क्रीडासंस्थेला दिलेल्या रकमेच्या साधारणपणे निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही कायद्याने ठरवलेल्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. तीस टक्के दराने कर भरणाऱ्याने २०,००० रुपये दिले, तर १०,००० रुपयांची वजावट मिळून, उपकर सोडता, ३,००० रुपये वाचतात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी आणि चेंडू, मॅट, करंडक अशी वस्तुरूप मदत यांना वजावट नाही. नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्या व्यक्तीला तर ही सवलतच मिळत नाही आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच मूळ प्रणाली मानली जाते, त्यामुळे नोकरदार देणगीदारापुढे ८०-जीचे आमिष आता फारसे चालत नाही. देणगीदाराचे नाव-पत्ता न नोंदवता जमवलेल्या वर्गणीची एक ठरावीक मर्यादा ओलांडली, तर संस्थेलाच तीस टक्के कर भरावा लागतो.

केंद्र सरकारने १९९८ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय क्रीडा विकास निधीला दिलेल्या रकमेवर शंभर टक्के वजावट आहे, आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेला क्रीडासुविधांसाठी कंपनीने दिलेल्या देणगीवरही, दहा टक्क्यांच्या मर्यादेत, तशीच. म्हणजे पूर्ण सवलतीचा ओघ दिल्लीकडे वळतो आणि गावच्या आखाड्याच्या वाट्याला अर्धी सवलत येते, ही रचना उलटी वाटल्यावाचून राहत नाही.

औद्योगिक वसाहतीच्या शेजारी असलेल्या मंडळाला म्हणूनच कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, अधिक जवळचा आहे. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या, अथवा नक्त मूल्य वा उलाढालीचे निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात आणि कारखान्याच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित असते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळ नावानिशी आहेत, मात्र तेथे शब्द ‘प्रशिक्षण’ हा आहे. मॅरेथॉन, पुरस्कार यांसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले. तेव्हा चार रात्रींच्या चषकासाठी मदत मागणाऱ्या मंडळाला कंपनीचा अधिकारी नकार देतो तो बहुधा नियमामुळेच, आणि १२-एबी व ८०-जी दोन्ही हाती असलेले तेच मंडळ वर्षभराच्या कबड्डी प्रशिक्षकाचे मानधन, मुलींच्या संघाचा सराव आणि मॅटचा खर्च मांडून गेले, तर त्याच अधिकाऱ्याला तो अर्ज पुढे पाठवता येतो.