मेटफॉर्मिन आणि पादसुप्तता

तळपायास मुंग्या येतात, पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, ही मधुमेही रुग्णांची तक्रार डोणगाव-मेहकर परिसरातील वैद्यांस अपरिचित नाही. चरकसंहितेत पादसुप्तता ऐंशी वातविकारांत गणली आहे. हातापायांची सुप्तता व दाह हे प्रमेहाचे पूर्वरूपही सांगितले आहे. साहजिकच आपण व्याधीस दोष देतो. तथापि कारण कधी औषधातही दडलेले असते.

मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास लघ्वंत्राच्या अंतिम भागातून होणारे जीवनसत्त्व बी-१२ चे शोषण मंदावते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने लक्षणे उशिरा प्रकटतात. ब्रिटनच्या औषधनियामक संस्थेने २०२२ मध्ये ही न्यूनता या औषधाचा सामान्य दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले. शाकाहारी, त्यातही दूध न घेणाऱ्या रुग्णांत धोका अधिक.

दोन्ही कारणांची लक्षणे सारखीच असल्याने केवळ प्रश्नपरीक्षेने निर्णय होत नाही; रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे. त्वचेवर बधिर चट्टा असल्यास महारोगाचाही विचार करावा. नुसते फॉलिक आम्ल देऊ नये. त्याने पांडुता सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि ती कायमची ठरू शकते.

मेटफॉर्मिन परस्पर बंद करू नये. ते देणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. बलातैलाच्या अभ्यंगाने रुग्णास बरे वाटेल, परंतु बी-१२ ची उणीव त्याने भरून निघत नाही. बधिर पायास स्वेदन देताना तर विशेष सावध असावे. रुग्णास चटका कळत नाही. तो वैद्यानेच ओळखावयाचा असतो.