जागल्यांच्या गोष्टी : लेखांक ५
नऊ वर्षं न झालेला एक फोन

नव्या गुंतवणूकदाराचे पैसे जुन्याला परतावा म्हणून द्यायचे, ही पॉन्झी योजनेची रीत मागच्या लेखात पाहिली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफने ती कित्येक वर्षं चालवली. वित्तविश्लेषक हॅरी मार्कोपोलोस यांनी बोस्टनमध्ये बसून ती नुसत्या आकड्यांवरून ओळखली.

मॅडॉफ सांगायचा ती पद्धत अशी : बड्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे, त्यावर कॉल ऑप्शन विकायचे आणि पुट ऑप्शन विकत घ्यायचे. यात तोट्याला मर्यादा पडते, तशी नफ्यालाही पडते. इथवर काही खोटं नाही. पण मग बाजार खाली आला की परतावाही थोडाफार खाली यायला हवा. मॅडॉफचा आलेख मात्र सरळ रेषेत वर चढत होता. शिवाय त्याच्याकडच्या प्रचंड रकमेला संरक्षण द्यायचं तर शिकागोच्या बाजारात होते त्याहून जास्त ऑप्शन लागले असते. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते दाखवायला आतल्या कागदपत्रांची गरज नव्हती. बाजाराचे जाहीर आकडे पुरेसे होते.

मार्कोपोलोस यांनी २००० साली अमेरिकेच्या बाजार नियंत्रकाकडे, म्हणजे एसईसीकडे, पहिली तक्रार केली. २००१ मध्ये पुन्हा केली. २००५ मध्ये तर धोक्याच्या तीसेक खुणा एकेक करून मांडल्या. जिवाची भीती होतीच. २००२ मध्ये न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर बोस्टनला भाषणाला आले, तेव्हा कागदांवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून मार्कोपोलोस यांनी हातमोजे घातले आणि निनावी पाकीट दुसऱ्याच्या हाती देऊन पोहोचतं करायची व्यवस्था केली.

२००६ मध्ये एसईसीने मॅडॉफची जबानी घेतली. शेअर जिथे जमा असतात तिथला खातेक्रमांक त्याने स्वतःच दिला. त्या खात्यात एवढे शेअर आहेत का, हे विचारायला एक फोन पुरला असता. तो कोणी केला नाही.

अखेर २००८ च्या मंदीत लोक पैसे परत मागू लागले. द्यायला पैसे नव्हते. ११ डिसेंबरला मॅडॉफला अटक झाली. ग्राहकांच्या खात्यांवर सुमारे ६,५०० कोटी डॉलर दिसत होते, पण ते फक्त कागदावर.

पुढच्या वर्षी एसईसीच्याच महानिरीक्षकांचा अहवाल आला. मला त्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट वाटते ती ही, की तक्रारदार मॅडॉफचा कर्मचारी नाही, गुंतवणूकदारही नाही, म्हणून त्याच्या म्हणण्याला कमी वजन दिलं गेलं. अहो, गणित कोणी मांडलं यावरून त्याचं उत्तर बदलतं का?

२०१० च्या कायद्याने अमेरिकेत जागल्याला, दंड दहा लाख डॉलरच्या वर गेला तर, १० ते ३० टक्के वाटा मिळू लागला. आपल्याकडे सेबीने २०१९ मध्ये बक्षीस ठेवलं, पण ते इनसायडर ट्रेडिंगच्या माहितीपुरतं. बनावट गुंतवणूक योजना उघडी पाडणाऱ्यालाही ते मिळायला हवं होतं.

मॅडॉफच्या हिशेबांवर सही करणारी ऑडिट फर्म अवघ्या तीन माणसांची होती. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.