धून लहान, हक्क मोठा

अमेरिकेचे गायक व टीव्ही कलाकार मर्व्ह ग्रिफिन (१९२५-२००७) यांना गाण्याने नाव दिले. पैसा दिला तो मालकी हक्काने. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर गाता गाता ते फ्रेडी मार्टिन यांच्या वाद्यवृंदात गेले. नारळांवरचे त्यांचे गमतीदार गाणे १९५० च्या सुमारास घरोघरी पोचले. पुढे टीव्हीवरचा त्यांचा गप्पांचा कार्यक्रम १९८६ पर्यंत चालला.

खरी कमाई पडद्यामागची. 'जेपर्डी' (१९६४) व 'व्हील ऑफ फॉर्च्यून' (१९७५) हे बक्षिसांचे खेळ त्यांनी काढले. १९८६ साली आपली कंपनी त्यांनी कोका-कोलाला २५ कोटी डॉलरला विकली. 'जेपर्डी'तील छोट्या धुनेचे मानधन मात्र शेवटपर्यंत घेतले. मुलासाठी रचलेल्या त्या अंगाईने ७ कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले, असे ते सांगत.

१९८८ साली भारी व्याजाचे कर्जरोखे काढून त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून कॅसिनोची कंपनी घेतली. जुगाराच्या धंद्याविषयी आम्ही वेगळे काय लिहावे! व्याज कमाईहून जड झाले आणि १९८९ मध्येच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला.

आमचा कारागीर नवी नक्षी काढतो, मजुरी घेतो आणि नमुना शेटजींचा होऊन बसतो. कोणाच्या ऑर्डरीवर न काढलेला, स्वतःचा नवा नमुना डिझाइन कायदा, २००० प्रमाणे स्वतःच्या नावे नोंदवता येतो. संरक्षण १० वर्षे, पुढे आणखी ५. अर्ज मात्र माल बाजारात दिसण्याआधी करावा लागतो.