टिपणं : दिलेली, मिळालेली आणि टिपलेली

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की आमचं स्टेट कॉलेज भरून जातं. कॉलेज अव्हेन्यू आणि बीव्हर अव्हेन्यूच्या फुटपाथांवर गाद्या, खुर्च्या, टेबल-लॅम्प उतरू लागतात आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात-आठ नवे नंबर येतात. पुणे, नाशिक, सांगली, नागपूरहून पेन स्टेटला एमएस करायला आलेली ही मुलं. पहिल्यांदा जेवायला येतात तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात : कुकर आणायला हवा होता का, सिमकार्ड कोणतं घ्यावं, जाड जॅकेट आत्ताच घ्यावं की नोव्हेंबरात. सप्टेंबर संपत आला, पहिली मिडटर्म दिसू लागली, की प्रश्न बदलतो. "ताई, इथे नोट्स कुठे मिळतात?"

या प्रश्नातला 'मिळतात' हा शब्द मला फार बोलका वाटतो. मराठीत नोट्सबरोबर येणारी क्रियापदं एकदा आठवून पाहा. सर नोट्स 'देतात', मुलं त्या 'उतरवून घेतात', सीनिअरकडून त्या 'मिळतात' आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांची झेरॉक्स 'काढतात'. या सगळ्यात नोट्स आधीच कुठेतरी तयार असतात, आपण फक्त त्यांच्यापर्यंत पोचायचं असतं. इथे मात्र नोट्स ज्याच्या त्याने करायच्या, हे इतकं गृहीत धरलेलं असतं की ते कोणी सांगतही नाही. आपल्या हुशार, मेहनती मुलांचं पहिलं सेमिस्टर डगमगतं ते बऱ्याचदा या न सांगितलेल्या गोष्टीपाशी.

दिलेल्या नोट्सची बाजू

लग्न होऊन इथे येण्यापूर्वी मी सहा वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवलं. त्यामुळे 'नोट्स देणं' या प्रकाराला सरसकट नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. वर्गात ऐंशी मुलं, त्यातल्या निम्म्यांकडे पाठ्यपुस्तक मोठ्या भावंडाचं नाहीतर शेजाऱ्याचं, संदर्भग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद. अशा वर्गात शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेली टिपणं हेच पुष्कळ मुलांचं एकमेव पुस्तक असतं. घरात पहिल्यांदाच बारावीला पोचलेल्या मुलीला ती वही म्हणजे मोठा आधार होता, आजही आहे.

पण परीक्षाही त्याच वळणाची असली की त्या आधाराची हळूहळू सवय होते. प्रश्न ठरलेले, म्हणून उत्तरं ठरलेली. मग शाळेत नवनीत आणि 'एकवीस अपेक्षित', इंजिनिअरिंगला टेकमॅक्स आणि निराली, पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची तर सदाशिव पेठेतले क्लास आणि त्यांच्या छापील नोट्सचे गठ्ठे. अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारली की कळतं, आपल्याकडे तयार टिपणांवर केवढी मोठी बाजारपेठ उभी आहे.

इथे असा बाजार नाही असं कृपया समजू नका. याच गावात 'निटनी नोट्स' नावाने लेक्चरच्या नोट्स विकण्याचा धंदा चालायचा. थॉमस बिल्डिंगमधल्या १०० क्रमांकाच्या हॉलमध्ये एका वेळी सातशेवर मुलं बसतात. तिथल्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला गिऱ्हाईक मिळायला काय उशीर? पण वर्गात बोललेल्या शब्दांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न विद्यापीठांना पडलाच. पेन स्टेटच्या नियमावलीत एडी-४० नावाचं कलम खास यासाठी आहे. वर्गाचं रेकॉर्डिंग करायचं किंवा नोट्स विकणाऱ्या सेवेला द्यायच्या, तर आधी शिकवणाऱ्याची परवानगी हवी.

आपल्या मुलांनी हे नीट समजून घ्यायला हवं. सीनिअरने प्रेमाने धाडलेल्या ड्राइव्ह फोल्डरमध्ये टिपणांच्या जोडीला मागच्या वर्षीच्या गृहपाठाची सोडवलेली उत्तरंही असतात. पुण्यात सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल फिरवणं ही मैत्री समजली जाते. इथे तीच उत्तरं आपल्या नावाने दिली की शैक्षणिक अप्रामाणिकपणाचं प्रकरण होतं, गुण जातात, कधी तो विषयच जातो. व्हिसावर शिकणाऱ्या मुलाला ते आणखी महाग पडतं. एकमेकांची टिपणं वाचणं आणि एकमेकांची उत्तरं देणं यातली रेघ प्रत्येक विषयाच्या सिलॅबसमध्ये लिहिलेली असते. पहिल्या दिवशी ते कागद वाचण्यात दहा मिनिटं घालवावीत.

एक कागद, दोन्ही बाजू

या मुलांना सगळ्यांत मोठं नवल वाटतं ते मिडटर्मला परवानगी असलेल्या कागदाचं. बरेच प्राध्यापक सांगतात, साडेआठ बाय अकरा इंचाचा एक कागद आणा, दोन्ही बाजूंनी, स्वतःच्या हाताने लिहिलेला. त्यावर काय वाट्टेल ते लिहा. आपण ज्याला कॉपी म्हणतो ती इथे सरांच्या संमतीने! मुलं आधी खूश होतात. मग कागद भरायला बसतात आणि कळतं की सहा आठवड्यांचं थर्मोडायनॅमिक्स एका कागदात बसवायचं तर काय गाळायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचं तर सगळं समजलेलं असावं लागतं.

मटेरियल्स सायन्स शिकणाऱ्या सांगलीच्या एका मुलीने मला तिचे असे तीन कागद दाखवले. पहिल्यावर मुंगीच्या अक्षरात सूत्रं खच्चून भरलेली. दुसऱ्यावर सूत्रं कमी, आकृत्या जास्त. तिसरा जवळजवळ अर्धा कोरा, त्यावर एक फेज डायग्रॅम आणि समासात मराठीत लिहिलेलं, "इथे दरवेळी घोळ होतो, आधी टक्केवारी बघ." ती म्हणाली, "ताई, तिसऱ्या परीक्षेत मी कागदाकडे फक्त दोनदा पाहिलं." मला त्यातलं शास्त्र कळलं नाही, पण तीन कागदांतली तिची वाटचाल स्पष्ट दिसली.

वहीची मांडणी कशी करावी यावरही इथे बराच विचार झालेला आहे. आमच्यापासून साधारण तीन तासांवर इथाका गाव आहे. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाचे प्राध्यापक मुलांना अभ्यास कसा करावा हे शिकवायचे. त्यांची 'कॉर्नेल पद्धत' आता माझ्या चौथीतल्या लेकीच्या वहीतही पोचली आहे. पानाच्या डाव्या बाजूला अडीच इंचांची पट्टी सोडायची, उजवीकडे वर्गात टिपणं घ्यायची, तळाशी दोन इंच जागा ठेवायची. घरी आल्यावर डाव्या पट्टीत त्या टिपणांवरून प्रश्न लिहायचे, तळाशी दोन-तीन ओळींत सारांश लिहायचा. मग उजवी बाजू हाताने झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. खरी मेहनत या शेवटच्या पायरीत आहे.

तिला संशोधनाचा आधारही आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी मुलांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदा वाचून नंतर आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. टिपणं रंगीत मार्करने रंगवून दहादा वाचली की आपल्याला येतंय असा भास होतो, तो याच पाच मिनिटांचा.

हाताने लिहावं की लॅपटॉपवर, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. २०१४ मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर यांचा गाजलेला निबंध आला. लॅपटॉपवाले शब्दन् शब्द उतरवतात आणि संकल्पनेच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यात दिसलं होतं. पुढे तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा गुणांतला फरक तितका स्पष्ट आला नाही. टायपिंग करणारे जास्त शब्द आणि जसेच्या तसे उतरवतात, एवढं मात्र पुन्हा दिसलं. म्हणजे सरांचं बोलणं वहीत येईपर्यंत मध्ये डोकं लागलं का, हे बघायला हवं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्याला ऐकू येत नाही, ज्याचा हात चालत नाही, ज्याला ऐकणं आणि लिहिणं एकाच वेळी जमत नाही, त्याला दुसऱ्याची टिपणं ही गरजच असते. अमेरिकेत १९७३ आणि १९९०च्या कायद्यांमुळे अशा विद्यार्थ्याला सोय करून देणं विद्यापीठावर बंधनकारक आहे, आणि टिपणं पुरवणं हा त्या सोयींतला नेहमीचा प्रकार. आपल्याकडून आलेली मुलं संकोचाने हे मागतच नाहीत. पालकांनो, गरज असेल तर त्यांना मागायला सांगा, यात कमीपणा नाही.

चक्रधरांचा वर्ग

एमएला आम्हाला भाषाविज्ञानाच्या पेपरात सोस्यूर होता. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारं त्याचं पुस्तक त्याने लिहिलेलंच नाही! १९०७ ते १९११ या काळात त्याने जिनिव्हात तीनदा तो विषय शिकवला, १९१३ साली तो गेला आणि १९१६ साली बाई आणि सेशे या सहकाऱ्यांनी वर्गातल्या मुलांच्या वह्या गोळा करून ग्रंथ सिद्ध केला. ते दोघे स्वतः त्या वर्गांना बसलेही नव्हते.

पण त्यासाठी जिनिव्हाला जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, १२७८च्या सुमारास, म्हाइंभटांनी हेच काम केलं. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. त्यांच्या मागे नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांच्या आठवणी विचारून विचारून गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून 'सूत्रपाठ' केला. त्या मंडळींत सतत प्रश्न विचारणारी महदंबाही होती. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ म्हणजे एका अर्थाने विद्यार्थ्यांनी जपलेली टिपणंच आहेत. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, तरी मंडळींनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले. नुसतं उतरवून घेतलं असतं तर ते जमलं असतं का?

आपली भाषा हा फरक ओळखते. 'उतरवणं' म्हणजे वरचं खाली घेणं, ओझं उतरवतात तसं. 'टिपणं' म्हणजे पाखराने अंगणातला नेमका दाणा उचलणं. टिपकागद शाई टिपतो, आई डोळे टिपते. टिपण्यात निवड आहे, आणि टिपलेलं आत शोषलं जातं.

आता तर फोनवर लेक्चर लावून ठेवलं की ॲप पाच मिनिटांत मुद्देसूद नोट्स काढून देतं, त्यावर प्रश्नही तयार करतं. मुलांनी ती वापरू नयेत असं मी म्हणत नाही. चुकलेला तास समजून घ्यायला ती बरी. पण ॲपने काढलेल्या नोट्स या पुन्हा 'दिलेल्या'च नोट्स, फक्त देणारा बदलला. म्हणून नोट्स कुठे मिळतात असं विचारणाऱ्याला मी आता सांगते : आज वर्गात काय झालं ते वही न उघडता मला दहा मिनिटांत सांग, मराठीत सांग. जिथे अडखळशील, तिथून तुझ्या नोट्स सुरू कर. पोळ्या लाटता लाटता मी आतापर्यंत स्टॅटिस्टिक्स, हवामानशास्त्र आणि गोल्फच्या मैदानावरच्या गवताचे रोग, एवढे विषय ऐकले आहेत. परीक्षा मला द्यायची नाही, म्हणून मी बिनधास्त "हे कळलं नाही, पुन्हा सांग" म्हणू शकते.

हा अंक भारतातल्या घरीही वाचला जातो, म्हणून एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या जुन्या वह्या रद्दीत निघतात. छापील गाइडं खुशाल द्या. पण मुलांच्या हातच्या वह्या देण्यापूर्वी एकदा चाळा, समासांत काय लिहिलंय ते बघा. एखादं "हे सरांना विचारणे" सापडलं, तर त्या पानाचा फोटो काढून इकडे पाठवा. सेमिस्टर संपता संपता, बाहेर बर्फ आणि डोळ्यांत झोप असताना, आपणही कधीतरी स्वतःहून प्रश्न विचारत होतो हे मुलांना आठवलेलं बरं असतं.