दीड चमचा मोकळी जागा

हेड उतरवल्यावर मिस्त्रींनी क्रँक हाताने फिरवला. एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वर आले आणि ब्लॉकच्या कडेशी बरोबर थांबले. मग दोन आणि तीनची जोडी. तीन नंबरचा नीट आला, दोन नंबरचा मात्र मिलिमीटरभर खालीच राहिला. मिस्त्रींनी वर पोलादी पट्टी आडवी धरली, खालून फीलर गेजचं पातं सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "रॉड वाकलाय, साहेब."

गाडी होती जुनी स्कोडा ऑक्टाविया व्हीआरएस, 2004च्या सुमारास भारतात आलेली. ऑक्टाविया तेव्हाच्या औरंगाबादेत जुळवली जायची, त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी हातांना तिची ओळख आहे. 1781 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह, आणि कारखान्यातून निघताना 150 अश्वशक्ती. मालकाने हौसेने मोठा टर्बो बसवला, ईसीयूचं ट्युनिंग बदलून घेतलं, पण आतलं काही बदललं नाही. गाडी वर्षभर सुसाट पळाली. मग एका घाटात, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला गेला आणि कनेक्टिंग रॉडने मान टाकली.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. एक बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट हवा. तिच्या हिशेबाने पेट्रोलही दुप्पट आणि स्फोटाचा दणकाही तसाच मोठा. हा दणका पिस्टनच्या डोक्यावर बसतो, गजन पिनवरून रॉडमध्ये उतरतो आणि क्रँकला फिरवतो. कमी आरपीएमवर पूर्ण बूस्ट आला की रॉडवर सगळ्यात वाईट वेळ येते, कारण तेव्हा क्रँक सावकाश फिरत असतो आणि दाबाला पुढे पळून जायला वाव नसतो. बूस्ट रॉडला दाबून वाकवतो आणि जास्त आरपीएम रॉडच्या बोल्टांना ओढून तोडतात. हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि इंजिन बांधताना दोघांचाही बंदोबस्त करावा लागतो.

तिसरा शत्रू नॉकिंग. हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं बूड गरम होतं, ते याचमुळे. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण तापून आपोआप पेटलं, तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ते हादरे पिस्टनच्या दोन रिंगांमधली धातूची पट्टी तोडून टाकतात. ही गाडी आली तेव्हा भारत स्टेज 2चं साधं पेट्रोल 88 ऑक्टेनचं होतं, स्टेज 3मध्ये ते 91 झालं. 100 ऑक्टेनचं पेट्रोल मुंबई-पुण्यातल्या पंपांवर यायला 2020चा डिसेंबर उजाडला.

म्हणून कॉम्प्रेशन उतरवायचं. पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर आल्यावर उरणारी जागा यांचं मूळ प्रमाण साधारण साडेनऊला एक. एका सिलिंडरचा हिस्सा 445 सीसी धरला, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा 52 मिलिलिटर भरते. प्रमाण साडेआठवर आणायचं तर 59 लागते. फरक सात मिलिलिटरचा, म्हणजे औषधाच्या चमच्याने दीड चमचाही नाही. नव्या पिस्टनच्या डोक्यावरचा वाटीसारखा खळगा तेवढीच जागा करून देतो. कागदावरच्या आदर्श हिशेबात यामुळे कार्यक्षमता तीनेक टक्के घटते, पण जास्त बूस्ट निर्धास्तपणे देता येतो. खुद्द ऑडीने पहिल्या एस3मध्ये हेच केलं होतं. त्याच घराण्याचं इंजिन, मोठा टर्बो, प्रमाण नऊच्या आसपास आणि 225पर्यंत अश्वशक्ती.

याला एक स्वस्तातली पळवाट आहे, हेडखाली जाड गॅसकेट टाकण्याची. ती मला मुळीच पसंत नाही. पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली अरुंद फट मिश्रण घुसळून मध्यभागी ढकलते. ती फट वाढली की घुसळण मंदावते आणि ज्या नॉकिंगसाठी खटाटोप केला तेच पुन्हा दारात उभं राहतं.

आता भागांकडे वळू. ओतीव आणि घडीव हा फरक आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागू नये. कोल्हापूर ओतकामावर वाढलं, आणि पुण्यात मुंढव्याला भारत फोर्जमध्ये तापलेलं पोलाद घणाच्या दाबाखाली घडवून क्रँकशाफ्ट होतात. ओतकामात धातू साच्यात निवतो आणि त्यात बारीक पोकळ्या राहू शकतात. घडणीत दाबामुळे धातूचे कण आकाराच्या अंगाने वळतात. टर्बोसाठीचे रॉड बहुधा 4340 पोलादाचे असतात. घडीव पिस्टन दोन जातींचे, 4032 आणि 2618. पहिल्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन असतं, म्हणून तो कमी फुगतो. दुसऱ्यात ते जवळपास नसतंच. तो मार खायला चिवट, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीपासून जास्त मोकळीक ठेवावी लागते. मग थंड इंजिन सकाळी टकटकतं.

पैसा भागांवर जातो आणि खरी कसोटी मोजमापात लागते. मिस्त्रींनी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये तिरकी न होऊ देता सरळ बसवली आणि टोकांमधली फट मोजली. 81 मिलिमीटरच्या बोअरला 0.4 मिलिमीटर. फट कमी भरली की हातानेच कानस, दोन घासे, पुन्हा मोजणी. फट कमी ठेवली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि घडीव पिस्टनचीही पट्टी उडते. एका रिंगेवर त्यांची वीस मिनिटं गेली. बाहेर मालक घड्याळ बघत होता.

आजच्या थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कॉम्प्रेशन साडेदहा किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. अशा इंजिनांत ते उतरवायची घाई करू नये, आधी रॉड भक्कम करावेत. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांवर बंधन घालतं, तेव्हा रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी आरटीओत विचारावं.

इंजिन सुरू झालं तेव्हा पहिली पाच मिनिटं टकटक ऐकू आली, मग ती विरली. पहिले काही दिवस बूस्ट न देता, आरपीएम खालीवर करत गाडी चालवली. मग ऑइल काढलं. मिस्त्रींनी जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडला, उन्हात धरला आणि घडी-घडीतून बोट फिरवत धातूच्या कणांची चकाकी शोधू लागले.